ओवरीतल्या सुऱ्या

“…आणि ह्या सगळ्यांत वाईट सुरी कुठली?” केवळपुरी बुवांनी विचारलं.

यामिनी गडबडली. तिला शाबासकीची अपेक्षा होती.

“वाईट म्हणजे? पोलादानं, की घडणीनं?”

“तू सांग. तू लावल्यात.”

बुवा अजून उभेच होते. खांद्यावरची झोळीही उतरवलेली नव्हती. गुरुबंधू आजारी म्हणून ते भाद्रपदात दुसऱ्या मठात गेले होते, ते आज खंडेनवमीच्या सकाळी परतले. निघताना यामिनीला एवढंच म्हणाले होते, “ओवरी सांभाळ.”

तिनं सांभाळली होती.

ओवरीभर चटया अंथरलेल्या होत्या. चटयांवर पुण्याहून मागवलेले लाकडी ट्रे. ट्रेंमध्ये निळं मऊ कापड, आणि त्यावर सुऱ्या. सगळ्यांची पाती एका दिशेला, सगळ्या मुठी एका रेषेत. सकाळचं ऊन आलं की डोळे दिपत.

“आधी आकारानं वेगळ्या केल्या,” ती म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज सावरला. हे तिचं क्षेत्र होतं. “एकधारी, दुधारी, वाकड्या पात्याच्या. मग पोलाद बघून. मग मुठी. ही शिंगाची, ही पितळेची, ही बाभळीची. काही संग्राहक काळानुसार लावतात, काही गावानुसार. पण ह्यांची गावं माहीत नव्हती, म्हणून…”

“कुणाला विचारलंस?”

“इथं कुणी नव्हतंच विचारायला.”

“हं.”

“आणि चामड्याच्या म्यानांत होत्या त्या सगळ्या बाहेर काढल्या. चामडं ओल धरतं. म्यानात ठेवलेली सुरी आतल्या आत सडते, पण लोकांना कळत नाही. आता प्रत्येकीवर तेलाचा पातळ हात दिलाय. शंभर वर्षं काही होणार नाही.”

बुवांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले.

“शंभर वर्षं,” ते म्हणाले.

वडिलांनी जमवलेल्या सुऱ्या यामिनीकडे आल्या, आणि त्या सोडून दुसरं काहीही तिला नीट सांभाळता आलं नाही, असं तिचं तिलाच वाटे. दारावरची घंटा वाजली तरी तिची छाती धडधडायची. एखादा ट्रे पुढ्यात घेऊन सुऱ्या लांबीप्रमाणे लावत बसली की मात्र मन जाग्यावर यायचं. लांबून लांबून लोक तिचा संग्रह बघायला येत, दबक्या आवाजात बोलत. ते तिला आवडायचं. श्रावणात ती ह्या घाटाखालच्या मठात आली ती, मन स्थिर कसं करावं, हे विचारायला. बुवांनी उत्तर दिलं नाही. राहा, म्हणाले.

मठाच्या ओवरीत भिंतभर सुऱ्या टांगलेल्या पाहून तिला वाटलं होतं, आपल्याला इथं उगाच नाही आणलं कुणी.

बुवांनी आता त्याच भिंतीकडे पाहिलं. खिळे होते. रिकामे. प्रत्येक खिळ्याखाली चुन्यावर एक लांब तांबूस ओघळ उतरला होता.

“त्या भिंतीलाही चुना द्यायचा होता,” ती घाईनं म्हणाली. “वेळ पुरला नाही.”

“गंज कुठल्या ट्रेमध्ये ठेवलास?”

तिला वाटलं, बुवा थट्टा करताहेत. ती हसली.

बुवा हसले नाहीत.

“गंज… फडक्यांना लागला, बुवा. फडकी जाळली.”

“पहिल्या दिवशी तुला सांगितलं होतं, ह्या सुऱ्या इथं कशा येतात.”

“हो.”

“काय सांगितलं होतं?”

तिला आठवत होतं. शब्द न शब्द आठवत होता. ज्यानं आपल्याच माणसावर सुरी उगारली, तो ती इथं आणून टांगतो. ज्याच्यावर उगारली, त्याच्या घराचा उंबरा तो ओलांडत नाही. दर खंडेनवमीला दोघं येतात. ज्याच्यावर उगारली तो दोरा ताणून धरतो, आणि सुरी अजून चालते का, ते बघतात. गंजून गंजून ती चालेनाशी झाली, की बुवा तिला नदीच्या डोहात सोडतात, आणि मग ते दोघं एका घरात जेवतात.

“ऐकलं होतं मी,” ती म्हणाली. “पण मला वाटलं… ती एक गोष्ट आहे.”

बुवांनी झोळी खाली ठेवली.

“आणि खंडेनवमीला सगळीकडेच शस्त्रं घासूनपुसून पुजतात, म्हणून मी…”

“सगळीकडे,” बुवा म्हणाले.

…

खाली पायऱ्यांवर आवाज आला.

“दम खा की जरा. म्हातारा झालास.”

“आन् तू काय तरणा हायस?”

“तुझ्यापरीस हाय.”

दोन म्हातारे वर आले. पुढचा उंच, वाकलेला, खांद्यावर घोंगडी, धाप लागलेली. हा भागोजी ढेबे. मागचा त्याचा धाकटा भाऊ कोंडिबा. दोघं वरच्या पठारावरचे, म्हशीवाले. कोंडिबाच्या हातात चपला होत्या. त्या त्यानं पायरीवर एकीशेजारी एक नीट ठेवल्या.

“बुवा, आलो,” भागोजी म्हणाला. “औंदा काय पायऱ्या वाढवल्यात का काय?”

“बस, भागोजी. पाणी घे.”

“मागनं. आधी ह्याचं बघा. सुनेनं खीर केलीया. म्हनली, मामंजी, औंदा काकांना घिऊनच या. गेल्या सालीच सुरीचं निम्मं पातं खाल्लं व्हतं गंजानं. दोरा कसा चावल्यागत तुटला, एक पदर तर ऱ्हायलाच. औंदा काय तुटत न्हाय.”

 कोंडिबा भिंतीकडे बघत होता. त्याची नजर दारापासून मोजत गेली आणि एका खिळ्याशी थांबली.

“बुवा… माझी कुठाय?”

बुवांनी यामिनीकडे पाहिलं.

“ह्या… ह्यांत असेल,” ती म्हणाली. “ट्रेमध्ये.”

कोंडिबा वाकला. हात पाठीमागं बांधून, एखाद्या भारी दुकानात शिरल्यासारखा, तो ट्रेंवरून हळूहळू पुढं गेला. शिंगाच्या मुठी गेल्या. पितळेच्या गेल्या. दुधारी गेल्या. प्रत्येक ट्रेपाशी तो थांबे, आणि मान हलवून पुढं होई.

“ह्यातली न्हाय. ह्यातली न्हाय. अशी चकचकीत नव्हती आमची.”

शेवटी एक पुठ्ठ्याचं खोकं होतं, ओवरीच्या टोकाला, केरसुणीजवळ. त्याच्या अंगावर यामिनीनं पेनानं लिहिलं होतं.

कोंडिबानं खोक्यात पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप पाठीमागून पुढं आला. पातं ओळखलं नसतं त्यानं. मूठ ओळखली. मुठीला सुंभ गुंडाळलेला होता.

“ही.” मग त्याचं लक्ष खोक्यावरच्या अक्षरांकडे गेलं. “काय लिवलंय ह्यावर?”

यामिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“किरकोळ,” ती म्हणाली.

“किरकोळ म्हंजी?”

“म्हणजे… साधी. घरगुती. संग्रहात न धरण्यासारखी.”

कोंडिबानं सुरी तळहातावर धरून बराच वेळ पाहिली.

“बरं झालं, बाई,” तो म्हणाला. “मला लई मोठी वाटायची.”

…

भागोजीनं घोंगडीच्या काठातून लोकरीचा एक दोरा ओढून काढला. दोन्ही हातांत ताणून धरला. दोरा सरळ होता.

यामिनीनं बुवांकडे पाहिलं. बुवांनी थांबवलं नाही. तेही तिच्याकडेच बघत होते.

बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. तिनं ट्रेमधली एक मूठ रेषेत सरकवली.

कोंडिबानं पातं दोऱ्यावर ठेवलं आणि ओढलं.

ओढावंही लागलं नाही. दोरा नुसता विलग झाला. दोन टोकं भागोजीच्या दोन मुठींतून खाली लोंबली.

 बाहेर कुठंतरी एक म्हैस हंबरली.

“अशी कशी?” भागोजी म्हणाला.

कोंडिबा खाली बसला. “बुवा, ही कुनी घासली का?”



“घासली तर घासली,” भागोजीच म्हणाला. “समद्याच घासल्यात, दिसतंयच की. नवमी हाय. पर घासून काय धार येती व्हय?”

“येती,” कोंडिबा म्हणाला. “आत लोखंड जितं असलं तर येती. वरनं गंज चढला, आत तशीच ऱ्हायली ती. म्हंजी इतकी वर्सं नुसता वरवरचाच…” तो भावाकडे वळला. “दादा, माज्यातच काय तरी ऱ्हायलं असंल. म्हशीची वाटनी झाली तवाचं. मी म्हनत व्हतो न्हाय ऱ्हायलं. पर ऱ्हायलं असंल.”

“कोंडू…”

“वैनी गेल्या तवा मी कुंपनाभाईर हुबा व्हतो. तू ये म्हनलास. मी म्हनलो, सुरी चालतीया अजून. बरं झालं न आलो ते.”

“काय बी बोलू नगं. पुढल्या नवमीला बघू.”

“पुढल्या नवमीला तू असशील का?”

भागोजी हसायला गेला. त्याला खोकला आला, तो लवकर थांबेना.

यामिनी पुढं झाली. अजूनही काहीतरी करता येईल, सगळं जागच्या जागी बसवता येईल, असं तिला एकदम वाटलं.

“काका, ऐका. हे दुरुस्त होतं. मीठ आणि लिंबाचा रस लावून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली ना, की दोन दिवसांत गंज चढतो. जुन्यासारखाच दिसतो. जाणकारालासुद्धा फरक कळत नाही. पात्याची धारही मी बोथट करून देते. परवा या तुम्ही. परवा नक्की…”

कोंडिबानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. एखाद्या लहान मुलीनं भलतंच काही विचारावं, तसं.

“बाई,” तो म्हणाला, “मीठलिंबू आमच्या बी घरात व्हतं की.”

तिनं हात मागं घेतले.

तिला तिथून निघून जावंसं वाटलं, पण पायऱ्या त्या दोघांच्या पलीकडे होत्या.

…

“बघू ती हिकडं,” भागोजी म्हणाला.

कोंडिबानं सुरी त्याच्या हातात दिली नाही. सुरी हातातून हातात देत नाहीत. त्यानं ती फरशीवर ठेवली, मूठ भावाकडे करून. भागोजीनं उचलली. अंगठा पात्यावर आडवा फिरवला, एकदा, दोनदा. पातं डोळ्यांजवळ नेलं. पुन्हा अंगठा फिरवला.

“ही धार तुझी न्हाय.”

“सुरी माझी हाय. धार कुनाची असंल मग?”

“अरं, जन्मात तुला साधा कोयता परजता आला न्हाय. आबा तुझ्या हातचा कोयता बघून काय म्हनायचं? ह्यानं गवत न्हाय कापायचं, ह्यानं गवताला गुदगुल्या करायच्या. आन् ही बघ. ही काय आपुन जितं म्हनावं अशी आतली धार न्हाय. ही कुनीतरी दगडावर बसून, येळ काढून लावलीया. हौसेनं.”

“कोन लावंल? किरकोळ सुरीला?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बुवांकडे.

बुवा जमिनीकडे बघत होते.

यामिनीला तो दिवस आठवला. धारेचा नवा दगड आला होता, कोरा. नव्या दगडावर हात बसेपर्यंत चांगली सुरी धरायची नसते, बिघडते. हे कुठलाही संग्राहक सांगेल. म्हणून तिनं टोकाचं ते खोकं पुढ्यात ओढलं होतं. सुंभाच्या मुठीवर तिचा हात चांगला बसला. मग तिनं कागदाची पट्टी हवेत धरून कापून पाहिली. पट्टी आवाज न करता दोन झाली, आणि ती एकटीच हसली होती.

“मी लावली,” ती म्हणाली.

कुणालाच ऐकू गेलं नाही.

“काय म्हनल्या?” भागोजीनं कानामागं हात धरला. “मोठ्यानं बोला, बाई. मला कमी येतं.”

आता मोठ्यानं बोलावं लागणार होतं. 

“धार मी लावली! माझा दगड नवा होता. चांगल्या सुऱ्या खराब होऊ नयेत, म्हणून मी… म्हणून ह्या सुरीवर हात बसवला. मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. दोरा ताणला तेव्हाच. हे… हे म्हणाले, माझ्यातच काहीतरी राहिलं असेल, तेव्हाही मी गप्प बसले. मला बुवांनी सांगितलं होतं सगळं. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.”

ओवरीत घुमला तिचा आवाज. तिला स्वतःलाच दचकायला झालं.

कोंडिबा तिच्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड थोडं उघडं होतं.

“म्हंजी…” तो हळू म्हणाला, “माझी मेली व्हती?”

“गंज काढताना पात्यावर काहीच शिल्लक नव्हतं,” ती म्हणाली. “कड खाल्ली गेली होती सगळी. मी नवी काढली. दिवसभर बसून.”

“बघ,” भागोजी म्हणाला. “मी म्हनत व्हतो.”

“तू कवा म्हनलास?”

“मनात म्हनलो.”

भागोजीनं सुरी फरशीवर ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. “ऊठ. खीर थंड झाली तर सून तुला न्हाय, मला बोलंल.”

कोंडिबा उठला नाही. “बुवा… जाऊ का?”

“मला काय विचारतोस?” बुवा म्हणाले. “दोरा कुणाच्या हातात होता?”

कोंडिबा उठला. त्याला चपला सापडेनात. समोरच होत्या, तरी सापडेनात. भागोजीनं पायानं पुढं सरकवल्या. “डोळं गेलं का तुझं?”

“तुझ्यापरीस बरं हायेत.”

दोन पायऱ्या उतरून कोंडिबा थांबला आणि परत वर आला. तो यामिनीपाशी आला. तिनं मान खाली घातली. बोलणी खायची तिची तयारी होती. खरं तर तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“बाई,” तो अगदी हळू म्हणाला, घरच्या पोरीशी बोलावं तसं, “आता धार तुमची म्हनल्यावर सुरी बी तुमचीच झाली की. मग दोरा धरायला तुमचं कोन हाय का?”

तिनं ट्रेंकडे पाहिलं.

“बघा कोन तरी,” तो म्हणाला. “एकट्यानं न्हाय व्हत.”

…

त्यांचे आवाज खाली खाली गेले. वाटेत कुठंतरी दोघं पुन्हा भांडायला लागले होते, म्हशीवरूनच.

यामिनी ट्रेंसमोर बसली. सुऱ्या चमकत होत्या. एवढ्या नीट लावलेल्या सुऱ्या तिनं आयुष्यात कुठं पाहिल्या नव्हत्या, आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“बुवा, ह्या पुन्हा भिंतीवर लावू? पण कुठली कुठल्या खिळ्याची, ते मला…”

“मलाही नाही ठाऊक.”

“मग?”

“येतील ते आपापली ओळखतील.”

“दुपारपर्यंत सगळे येतील?”

“येतील.”

“आणि सगळ्यांच्या…” तिनं ट्रेंवरून हात फिरवला. “सगळ्यांचा गंज मी पुसलाय, बुवा.”

बुवा लोट्यातलं पाणी प्यायले, पहिल्यांदाच. मग फरशीवरची कोंडिबाची सुरी तिच्याकडे सरकवली, मूठ तिच्या बाजूला करून.

तिनं उचलली. भिंतीपाशी गेली. खिळा शोधायला तिला वेळ लागला नाही. कोंडिबाची नजर कुठं थांबली होती, ते तिच्या लक्षात होतं. तिनं सुरी टांगली, टोक खाली. पात्यावरचं तेल तिनं पदरानं पुसून काढलं. अगदी कोरडं केलं.

ती तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“मी कुणावर उगारली नाही, बुवा,” ती शेवटी म्हणाली. “खरंच नाही. मी तर नुसत्या लावत होते. मग… दोरा कुणी धरायचा?”



खाली पायऱ्यांवर चपला वाजल्या. बायकांचे आवाज होते ह्या वेळी. एक तरुण, एक थकलेला. कुणीतरी कुणालातरी जपून चढ म्हणत होतं.

“आल्या बघ,” बुवा म्हणाले. “त्यांना विचार.”